हलका हात

चमचा आत गेला नाही. त्याने कोमट दुधाचा चमचा ताईच्या ओठांशी नेला, ओठ जेमतेम विलग झाले आणि चमचा समोरच्या दातांवर टक्कन वाजून तिथेच अडला. दूध हनुवटीवरून ओघळून गळ्यावर आलं. "तोंड उघड की गं," तो जरा वैतागूनच म्हणाला, कारण रविवारची सकाळ होती आणि आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून ताईने सगळी रात्र खुर्चीत बसून काढली होती, म्हणजे त्यानेही. ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग हात उचलून तिने आपलं एक बोट वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे घातलं. एकच बोट, आणि तेही रुतून बसलं. तेवढंच उघडतंय, हे तिला दाखवायचं होतं. बोलायला गेली तेव्हा गरम घास तोंडात धरून बोलावं तसा नुसता आवाज आला, शब्द आलाच नाही. जबड्याखालची सूज काल एका बाजूला होती. आज ती या कानाखालून त्या कानाखाली पोचली होती, लाल आणि लाकडासारखी कडक. त्याने दाबून पाहिलं तर बोटाचा खड्डासुद्धा पडला नाही. काल संध्याकाळी हीच सूज पाहून तो म्हणाला होता, उतरेल, गोळ्यांना तीन दिवस द्यावे लागतात. असं काही सांगताना आपला आवाज किती भारदस्त होतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आता तो आवाज आठवून त्याने चमचा वाटीत ठेवला.

मी तीस वर्षं दातांत आहे, असं तो लोकांना ऐकवायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. एका इमारतीच्या तळघरात दोन खोल्यांची लॅब होती. गावातल्या चाळीसेक दवाखान्यांतून तिथे जबड्यांचे ठसे यायचे, त्या ठशांत तो प्लास्टर ओतायचा, प्लास्टर सुकलं की त्यातून एक पांढरा जबडा निघायचा आणि त्या जबड्यावर तो मेणाने दात घडवायचा. मग धातू, मग चिनी माती, मग भट्टी. कवळ्या, दातांवरच्या कॅपा, पडलेल्या दाताची जागा भरणारे पूल. चिमुकल्या दाढेवरच्या खाचा तो अशा काढायचा की लॅबमालक नव्या माणसांना त्याच्या टेबलापाशी आणून नुसतं उभं करायचा. जबड्यांना कागदी चिठ्ठ्या असायच्या, चिठ्ठीवर नंबर. माणूस कधी आला नाही. या तीस वर्षांत त्याच्या हाताखालून जितके दात गेले तितके कुठल्याही डॉक्टरच्या गेले नसतील, पण त्याच्या जबड्यांना जीभ नव्हती, हिरड्यांना रक्त नव्हतं, आणि खाली गळा नव्हता. हिरडीच्या थोडं खाली आलं की प्लास्टर संपायचं आणि टेबल सुरू व्हायचं. ताईच्या गळ्याकडे बघताना त्याला पहिल्यांदाच वाटलं की इथून पुढचं आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही.

त्याने फोन करायला सुरुवात केली. चाळीस दवाखाने पाठ असलेल्या माणसाला एक डॉक्टर मिळायला कितीसा वेळ लागणार. पुलाजवळच्या दवाखान्यात घंटी वाजत राहिली आणि मग ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाली, आमची वेळ सोमवार ते शनिवार. दुसरीकडे एका मुलीने उचलला. लॅबमधून बोलतोय म्हणताच ती म्हणाली, सर नाहीत, कॅपा मंगळवारी आणून द्या. नाही हो, पेशंट आहे, असं तो म्हणाला, तर पेशंटची वेळ बुधवारी मिळेल म्हणाली. सूज आहे, तोंड उघडत नाही, घरचंच माणूस आहे, अशा त्याने दाताच्या कण्या केल्या. त्यावर तिने सरांना निरोप ठेवते असं सांगून फोन ठेवला. तिसऱ्या डॉक्टरच्या मोबाइलवर त्याने तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा डॉक्टरने उचलून, अरे तू रविवारीसुद्धा काम करतोस का, असं हसत विचारलं, मागे पोरांचा कालवा चालू होता, आणि पुढचं ऐकू येईना; मग लाइन तुटली की डॉक्टरने कापली ते कळलं नाही. दवाखान्यांची मागची दारं त्याला ठाऊक होती, जिथे तयार दातांचा डबा द्यायचा आणि सही घ्यायची. पुढच्या दाराने तो कधी गेलाच नव्हता. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकू ताईच्या घशातला आवाज ऐकून खाली आल्या, एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच असे गळाठलात तर कसं? मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं दातांचं तातडीचं खातं असतं, रविवारी पण." तातडीचं खातं असतं हे काकूंना माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं.

टॅक्सीत ताई ताठ बसली होती, मान जराशी पुढे काढून, मांडीवर टॉवेल. तोंडातली लाळ तिला गिळता येत नव्हती, ती टॉवेलवर पडत होती. पोस्टाच्या चौकशीच्या खिडकीत चौतीस वर्षं बसलेली बाई, रुमालाच्या चार घड्या करून ओठांचे कोपरे टिपणारी, जिच्या जिभेला हाड नाही असं सगळं ऑफिस म्हणायचं आणि तीही हसून कबूल करायची. ती आता टॅक्सीवाल्याला आरशात दिसू नये म्हणून टॉवेल नाकापर्यंत वर धरत होती. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्याचं सगळं तिनेच केलं, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि बाकी सगळं बोलून दाखवणाऱ्या बाईने एवढंच का टाळलं याचं ओझं त्याला जन्मभर वाटत आलं. दंतवैद्यकाला त्याचा नंबर लागणार असं गृहीत धरून तिने खिडकीतून निम्म्या गावाला सांगून टाकलं होतं. लागला नाही. चार मार्कांनी गेला. त्याच कॉलेजच्या तळमजल्यावर दात बनवणाऱ्या कारागिरांचा दोन वर्षांचा वर्ग होता, तिथे त्याने नाव घातलं. पोरगा कुठे असतो, असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, डेंटल कॉलेजात. इमारत तीच होती, खोटं कसं म्हणणार? पुढे तो लॅबमध्ये लागला तेव्हा, दातांचं करतो, म्हणायला लागली. मग कधीतरी, आमचा डॉक्टर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो जेवत होता, समोर शेजारी बसले होते, आणि त्याने मान वर न करता घास चावला. तेव्हा दुरुस्त केलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. नंतर एक लग्न ठरत आलं आणि मुलीकडच्यांना खरं कळल्यावर फिसकटलं, तेव्हासुद्धा ताई त्यांनाच चार शब्द ऐकवून आली, आणि घरी येऊन म्हणाली, जाऊ दे, माणसं हलकी होती. दोघं त्यावर पुन्हा बोलले नाहीत. दोघंच राहिले.

मोठ्या दवाखान्याचं दातांचं तातडीचं खातं एका लांबलचक बोळाच्या टोकाला होतं. भिंतीला टेकून बाकं, बाकांवर गालाला हात लावलेली माणसं. सगळ्यांचा हात एकाच जागी असल्यामुळे फोटो काढायला बसल्यासारखी दिसत होती. कुणी पडून दात हलवून आलेलं, कुणाचा टाका सुटलेला. खिडकीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, किती दिवस, ताप आहे का, तोंड किती उघडतं. एक बोट, म्हटल्यावर त्याने वर बघितलं, ताईचा गळा बघितला, आणि नंबर न देता उठून आत गेला. त्या उठण्याने तो जास्त घाबरला. रांग मोडून आपल्याला आधी घेतात तेव्हा ते आपल्या भल्याचं नसतं हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

ड्यूटीवरची डॉक्टरीण त्याच्या निम्म्या वयाची असेल. केस टोपीत कोंबलेले, डोळ्यांखाली काळं, पण हात शांत. तिने ताईला चाकाच्या खुर्चीतच राहू दिलं, पाठ टेकवली नाही. लाकडी पट्टी आणि बारीक टॉर्च घेऊन त्या एका बोटाच्या फटीतून तिने जेवढं दिसेल तेवढं बघितलं. जीभ वर उचलली गेलीय, असं ती नर्सला म्हणाली, भुलीच्या मोठ्या डॉक्टरांना आणि गळ्याच्या सर्जनना बोलवा, आता. ताईच्या बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा तिने दोनदा बघितला. मग टॉर्च आणखी आत नेत थांबली. "उजवीकडे खाली कॅप आहे," ती म्हणाली, "फार सुरेख बसवलीय. कुणी केली?" आणि त्याला, हे त्याने नंतर स्वतःपाशी पुष्कळदा कबूल केलं, त्या क्षणी सगळ्यात आधी आनंद झाला. सूज, लाळ, यंत्रातला आकडा यांच्याही आधी. तो आनंद निघून जायच्या आत त्याच्या तोंडातून पुलाजवळच्या दवाखान्याचं नाव गेलं. कधी? अठरा दिवस झाले. आधी रूट कॅनल केलं होतं का? दाढेच्या आतली नस काढून साफ करून मग कॅप बसवली ना? हो, तो म्हणाला, सगळं केलंय. एकदा सुरू झाल्यावर ते सोपं गेलं. डॉक्टरीण लिहून घेत होती. ताई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत धाक नव्हता, शाबासकीही नव्हती; कुणीतरी आपल्या बाजूने बोलतंय ते ऐकावं तशी ती ऐकत होती.

मग ताईला जबड्याच्या एक्स-रे फोटोच्या यंत्रापाशी नेलं. हनुवटी टेकवून वीस सेकंद हलायचं नाही, ते तिला जमेना, लाळ घशाशी आली की ती खोकायची. दार अर्धवट उघडं होतं आणि तो बाहेर भिंतीला टेकून उभा होता. अठरा दिवस. त्याच्याही दोन आठवडे आधी चार दिवस तिची ती दाढ ठणकत होती, कडक काहीतरी चावताना एक तुकडा उडाला होता, आणि तिने त्याला रात्री उठवून दाखवलं होतं. एक फोन केला असता तर सोमवारी सकाळी कुठल्याही दवाखान्यात तिला खुर्ची मिळाली असती. त्याने केला नाही. ताई म्हणाली होती, घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जाऊ, आणि तो हसला होता. पण ते काही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं की तिथे तिच्याबरोबर त्याला उभं राहावं लागलं असतं, आणि त्याच्याहून वीस वर्षांनी लहान एखादा डॉक्टर तिच्यादेखत त्याला म्हणाला असता, अरे, तू इकडे कुठे? तो 'अरे' तिच्या कानावर पडू नये म्हणून त्याने चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी ठणका आपोआप थांबला. दुखत नाहीये आता, ताई म्हणाली, आणि त्याने सुस्कारा सोडला. बरी झाली दाढ, असं त्याने धरलं.

मग त्याने ती चूक केली. चूक म्हणून नव्हे. तीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम म्हणून केली. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताईला बसवलं, मापाचा मसाला कालवून तिच्या जबड्याचा ठसा घेतला. लॅबमधलं हातातलं छोटं यंत्र पिशवीतून आणलं होतं, त्याने दाढेचे फुटके काठ घासून सारखे केले. जिवंत माणसाच्या तोंडात तो पहिल्यांदा काम करत होता, कपाळावर घाम होता, दर दोन क्षणांनी विचारत होता, दुखतंय का? छे, ताई म्हणायची, काही कळतसुद्धा नाही, हात किती हलका आहे रे तुझा. संध्याकाळी ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, आमच्या डॉक्टरचा हात इतका हलका. दोन आठवडे खपून त्याने ती दाढ घडवली. तिच्या शेजारच्या दातांचा रंग किंचित पिवळट होता तो पकडला, खाचेतला चहाचा बारीक डागसुद्धा घातला, म्हणजे खोटी वाटू नये. पक्क्या सिमेंटने बसवली. काठाशी नख फिरवलं तर अडलं नाही. आरशात बघून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तो त्या रात्री गाढ झोपला.

फोटोच्या खोलीत डॉक्टरीण नर्सला काहीतरी समजावत होती, शिकाऊ असावी ती. एखाद्या दाढेत नस मेलेली असली ना, ती म्हणत होती, तर ठणका थांबतो, लोकांना वाटतं बरं झालं. ती घासली कापली तरी कळत नाही. पू आतच राहतो, आणि वरून वाट बंद केली की खाली गळ्यात उतरतो. ती हे त्याला उद्देशून बोलत नव्हती. त्याच्याकडे तिची पाठ होती. तो भिंतीपासून जरा दूर झाला आणि पुन्हा टेकला. काही कळतसुद्धा नाही, ताई म्हणाली होती. कळणार कसं? हात हलका नव्हता. दाढ मेली होती. मेलेल्या दाढेवर त्याने दोन आठवडे खपून झाकण बसवलं होतं, आणि झाकणाच्या काठाशी नख अडत नव्हतं. प्लास्टरच्या जबड्यात पू नसतो, म्हणून त्याला कधी प्रश्न पडला नव्हता की आत जे असेल ते कुठून जाणार.

फोटो धूसर आला. डॉक्टरीण तो दिव्यासमोर धरून बघत बसली नाही, सरळ त्याच्याकडे आली. तिचं बोलणं आता भराभर होतं. भुलीचे डॉक्टर आले आहेत, तोंडातून नळी जाईलसं वाटत नाही, बहुधा गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालावी लागेल. गळ्यात चिरा देऊन पू काढायचा. आणि ज्या दाढेमुळे हे झालंय ती त्याच वेळी काढायची, नाहीतर पू पुन्हा भरतो. "तोंड एवढंच उघडतंय, भुलीनंतरही फार उघडणार नाही," ती म्हणाली. "मला एकच दाढ काढायला वेळ मिळेल. श्वास आधी. कॅपवालीचं रूट कॅनल झालंय म्हणता, म्हणजे मी दोष तिच्यामागच्या अक्कलदाढेचा धरतेय, तीच काढणार. पुलाजवळच्या दवाखान्यात फोन कुणी उचलत नाही. तुमची नक्की खात्री आहे ना?" खुर्चीत ताई होती, चार पावलांवर. तिच्या गळ्यातून दर श्वासाला बारीक शिटी वाजत होती.

काही माणसं असं सांगतात की अशा वेळी त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. त्याने केला. त्याने विचार केला की हो म्हटलं तर ही मुलगी आत जाईल आणि दार बंद होईल आणि निदान दार बंद होईपर्यंत सगळं जागच्या जागी राहील. त्याने पोलिसांचा विचार केला, लॅबमालकाचा केला, वरच्या काकूंचाही केला. हे सगळं एका श्वासाच्या शिटीत झालं. मग तो म्हणाला की रूट कॅनल झालेलं नाही. कॅप पुलाजवळ बसवलेली नाही, मी घरी बसवली, पक्क्या सिमेंटने, आणि त्याआधी चार दिवस ठणका होता तो आपोआप थांबला. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये दात बनवतो. गोळ्या पण मीच दिल्या, ड्रॉवरमध्ये पडलेल्या होत्या त्या. डॉक्टरिणीच्या तोंडावर काही उमटलं नाही. तिने कागदावरची एक ओळ खोडली. आणि तेवढ्यात ताईने खुर्चीच्या दांडीवर हात आपटला.

बोलता येत नव्हतं, म्हणून नर्सने तिला मघाशी एक वही दिली होती. ताईने ती मांडीवर ओढली. तिचं अक्षर टपोरं, वळणदार, पोस्टातलं. तेसुद्धा आता लडखडत होतं. तो घाबरलाय, तिने लिहिलं. काही पण बोलतोय. पुलाजवळच्या डॉक्टरांनीच बसवली, मी गेले होते. खाली तिने दोन रेघा मारल्या. डॉक्टरिणीने वाचलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा वहीकडे. दोन माणसं, दोन जबान्या, आणि एकीच्या गळ्यात शिटी. ताईने वही आणखी पुढे सरकवली. तिचं लिहिणं खोटं आहे हे तिला माहीत होतं, ते लिहिल्याने कुठली दाढ निघेल याचा तिने विचार केला नव्हता, आणि त्या क्षणी केला असता तरी तिने हेच लिहिलं असतं, असं त्याला वाटलं. तो तिच्या खुर्चीसमोर खाली बसला. टॉवेलचा आंबूस वास आला. "ताई, ऐक," तो म्हणाला. "मी डॉक्टर नाही. कधीच नव्हतो. तुला माहितेय. ते सगळं आपण दोघांनी मिळून केलं. आता यांना माझं खरं धरू दे, नाहीतर तू जाशील." आवाज चढला होता, बोळातल्या बाकांवरची माणसं गालाला हात लावून बघत होती. ताईने त्याच्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात तिच्या डोळ्यांत अशी नजर त्याने पाहिली नव्हती. राग असता तर बरं झालं असतं. खिडकीपलीकडच्या अनोळखी माणसाचा अर्ज वाचावा तशी ती त्याला वाचत होती. मग तिने पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटली आणि डोळे मिटले. डॉक्टरिणीने हातानेच नर्सला खूण केली आणि खुर्ची आत गेली.

अडीच तास तो बाकावर होता. मधे एकदा खिडकीतला माणूस येऊन सह्या घेऊन गेला. भूल, गळ्याची नळी, जिवाचं बरंवाईट. एका कागदावर छापलं होतं, आधीचे उपचार कोणी केले, आणि तिथे त्याला आपलं नाव लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं. पुढे पदवीसाठी रिकामी जागा होती, तिथे त्याने रेघ ओढली. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिचे कपडे बदललेले होते. दाढ निघाली, ती म्हणाली, कॅपवालीच होती. पू पुष्कळ होता, छातीत उतरायच्या बेतात. अजून दोन दिवस काही सांगता येत नाही. तिने त्याला खडसावलं नाही, आणि हेही म्हणाली नाही की वेळेवर सांगितलंत. तक्रार लिहावी लागेल, ती म्हणाली, ते माझ्या हातात नाही. तो म्हणाला, लिहा. त्याला तिचे आभार मानायचे होते, पण ते शब्द त्या बोळात कुठे ठेवावेत ते त्याला सुचलं नाही. ती पुढच्या माणसाकडे गेली.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ताई आता जगेल असं डॉक्टर म्हणाले. आवाज परत कितपत येईल ते मात्र नळी काढल्यावर कळणार होतं. त्याला पाच मिनिटांसाठी आत सोडलं. हात धुऊन, निळा झगा घालून तो खाटेपाशी उभा राहिला. ताईचा गळा पट्ट्यांत होता, पट्टीतून नळी, नळीतून हवा आत-बाहेर होत होती. जबड्याची सूज उतरली होती आणि चेहरा परका दिसत होता, म्हातारा. गुंगीतून बाहेर येणाऱ्या माणसाला शुद्ध किती आहे ते बघायचं असतं, म्हणून तिथली नर्स सगळ्यांनाच विचारायची तेच प्रश्न मोठ्याने विचारत होती. नाव काय लिहा. बरोबर. वार कुठला. वार ताईने चुकीचा लिहिला, पण ठीक आहे, असं नर्स म्हणाली. मग तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. "आजी, हे कोण आलेत, लिहा बघू."

ताईने डोळे वळवून त्याला पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. पेन्सिल वहीवर टेकली आणि थांबली. इतकं सगळं होऊन, तिच्या गळ्यातून हवा जाताना दिसत असताना, तो 'डॉक्टर' या एका शब्दाची वाट पाहत होता, आणि पाहतोय हे त्याला कळतही होतं. मरणातून वाचलेल्या माणसाकडून तो अजून तेवढंच मागत होता. ताईने सावकाश लिहिलं. भाऊ. मग पेन्सिल जरा सरकवून त्याच्याआधी उरलेल्या जागेत तिने आणखी एक शब्द बसवला, धाकटा. नर्सने वही उचलून बघितली, छान, पूर्ण शुद्धीवर आहेत, असं म्हणून पाटीवर वेळ टिपली आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं.